बोंबलाचा बांबू आणि मध्यस्थीची खोली

खतीजाने असं वागायला नको होतं. नवऱ्याला लागलं, राग आला, मान्य. पण राग आला तर बाईने भांडावं. तळमजल्याच्या दारात उभं राहून ओरडलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतं, हे मी स्वतः करून बघितलेलं आहे. ही भांडलीच नाही. जिन्यात मी दिसले की ओढणी सारखी करायची आणि विजेच्या मीटरकडे बघत उभी राहायची. दहा महिने बघत होती. एवढ्या वेळात तिला वीज मंडळात नोकरी लागली असती.

पंधरा वर्षं रोज चार वाजता ती माझ्याकडे, नाहीतर मी तिच्याकडे. तिचा चहा गोड, माझा कडक, त्यावरून रोज वाद. आणि त्या बाईने माझ्यावर कोर्टात केस करायला लावली. माझ्यावर! उरणच्या बाजारात बावीस वर्षं मासळी विकली मी. वजनावरून, भावावरून, बर्फाच्या पाण्यावरून रोज भांडले, पण पोलीसचौकीची पायरी कधी चढले नाही. पोराला शिकवलं, खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला, टोपली खाली ठेवली आणि मग म्हातारपणी आरोपी झाले. वकील म्हणतो, "आजी, आरोपी नाही, प्रतिवादी." मला दोन्ही सारखेच वाटतात.

घडलं ते असं. थंडीच्या दिवसांत मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत बोंबील सुकवते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूवर टाकायचे, तीन-चार उन्हं दाखवायची. बाजारातले सुके बोंबील मी खात नाही. ते कुठे, कुणाच्या पायाखाली सुकतात ते मला माहीत आहे. बांबू बांधला होता आमच्या धर्मराजने. मी नवऱ्याचं नाव घेते, उखाण्याची वाट बघत नाही. हा माणूस चाळीस वर्षं बंदरात दोर बांधत होता. त्याने बांधलेली एकही बोट सुटली नाही. बांबू सुटला.

खाली तळमजल्यावरचे अमजदभाय, खतीजाचा नवरा, दुकानाला निघाले होते. पनवेलच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दारातून एक पाऊल बाहेर टाकलं आणि बांबू, त्यावरच्या बेचाळीस बोंबलांसकट, त्यांच्या डाव्या खांद्यावर. मानेजवळचं हाड मोडलं.

मी अनवाणी धावले. माझ्याआधी खतीजा पोचलेली. अमजदभाय खाली बसलेले, अंगभर बोंबील, आणि मला बघून काय म्हणावं त्या माणसाने? "भाभी, अजून ओलेच आहेत, लवकर उतरले." मला रडावं की हसावं कळेना. मी म्हणणार होते, अमजदभाय, माफ करा. तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात मागून माझा मुलगा जीवन ओरडला, "आई, काही बोलू नकोस!"

जीवन जासईला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे. तिकडे रोज काही ना काही कुणाच्या पायावर पडतं, म्हणून त्यांना शिकवणी असते. अपघात झाला की सॉरी म्हणायचं नाही. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. सॉरी म्हटलं म्हणजे चूक कबूल, आणि कबूल झालं की खेळ संपला. तो नियम त्याने माझ्या घराला लावला. मी म्हटलं, "अरे, तो कंटेनर हाय, हा अमजदभाय हाय." तर म्हणे, "आई, कायद्याला दोन्ही सारखेच."

त्या संध्याकाळी मी खेकड्याचं कालवण केलं. मोडलेल्या हाडाला खेकडा चांगला. दोनच दिवसांपूर्वी मिलादची खीर आली होती खतीजाकडून, तिचा तांब्याचा, कल्हईचा वाडगा माझ्याकडेच होता. माहेरून आलेला, बुडाला नाव कोरलेला, जड. त्यातच कालवण भरून न्यायचं ठरवलं. जीवन दारात आडवा. "कालवण दिलंस म्हणजे लेखी कबुलीजबाब."

"त्यात मीठ-मसाला हाय रे, सही नाय केली मी!"

ऐकेना. शेवटी कालवण घरातच खाल्लं सगळ्यांनी. मी ताकभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी वाडगा दिसेना, तर सूनबाई म्हणाली, "पोचवला मी, आई." माझी सून विनिता डोंबिवलीची, कामाला चटपटीत, त्याबद्दल बोलायला जागा नाही. मी म्हटलं, बरं झालं.

आठ दिवसांत खतीजाचं मीटर वाचन सुरू झालं. महिन्याभरात नोटीस आली.

नोटीस मी विनिताकडून वाचून घेतली. मी चौथी शिकलेली, छापील वाचता येतं, पण वकिलाचं मराठी हे मराठी नसतं. त्यात होतं की तुम्ही हयगयीने टांगलेली "जड व दुर्गंधीयुक्त वस्तू" आमच्या अशिलाच्या अंगावर पडून त्यांना शारीरिक इजा झाली, लग्नसराईत दुकान बंद राहिलं, सबब नुकसानभरपाई द्या.

मी म्हटलं, "परत वाच."

तिने वाचलं. दुर्गंधीयुक्त.

माझे बोंबील! ज्या घरात पंधरा वर्षं माझे बोंबील पावट्यात शिजले, भाकरीबरोबर भाजले, दुबईला तिच्या भावाला डब्यात भरून गेले, त्या घरातून हा शब्द? हयगय म्हटलं, सोडून दिलं. हयगय झाली होती, गाठ सुटली होती. पण दुर्गंधीयुक्त मी मरताना विसरणार नाही.

मग बिल्डिंगमध्ये कायद्याचा पूर आला. दुसऱ्या मजल्यावरची शकू टीव्हीवर कोर्टाच्या मालिका बघते. ती म्हणाली, "मावशी, वाऱ्यावर ढकला. वारा आला, बांबू पडला. देवाची करणी. देवाला काय समन्स निघतंय?" माझी बाजारातली मैत्रीण गुणाबाई मुद्दाम रिक्षा करून आली. "बांबू मोडला ना तुजा? मग तू पण केस टाक. त्याच्या खांद्यानं तुजा बांबू मोडला. वर बोंबील गेले ते येगळे." मला ते क्षणभर पटलंसुद्धा, कारण बेचाळीस बोंबलांपैकी एकही वर आला नव्हता. सोसायटीने तेवढ्यात नोटीसबोर्डावर लावलं की गॅलरीत मासळी सुकवू नये. आमचा धर्मराज मात्र रोज चारला बाहेर जायचा आणि पाचला शांत चेहऱ्याने परत यायचा. मला वाटायचं, देवळात जातो.

चार वाजले की माझं काय व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. पाय आपोआप दाराकडे. दार उघडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, आठवायचं, परत फिरायचं. मग डाळ निवडायची. निवडलेली परत निवडायची. विनिता म्हणाली, "आई, तुम्हाला शुगर असेल, तपासून घ्या." तपासली. शुगर नव्हती. खतीजा नव्हती.

जीवनने वकील आणला, काशिराम वकील. त्याने पहिली फी घेतली आणि पहिला सल्ला दिला: "समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही. हसायचंसुद्धा नाही. तुमचं एक वाक्य कोर्टात तुमच्याच विरोधात उभं राहील."

आता माझी वाक्यं. तुम्हीच विचार करा. दिवसाला किती बोलते मी, आणि त्यातलं एकेक उभं राहायला लागलं तर कोर्टात जागा पुरेल का?

केस दाखल झाली. एका तारखेला त्यांचा वकील नाही, एका तारखेला आमचा. एकदा दोघं आले तर जज्जसाहेब रजेवर. प्रत्येक वेळी मी ठेवणीतलं लुगडं नेसून जायची आणि लुगडं दाखवून परत यायची. खतीजा समोरच्या बाकावर. काशिरामने बोलायला मनाई केलेली, म्हणून मी भिंतीशी बोलायची. "काही लोकांना उन्हात बसून चक्कर येते, त्यांनी इकडच्या बाजूला सरकावं." तिकडून खतीजा छताला सांगायची, "काही लोकांनी आपली बीपीची गोळी घेतली का ते बघावं, मग दुसऱ्याचं." गोळी मी विसरले होते. घेतली. पण तिच्यासमोर नाही, खांबामागे जाऊन.

त्या खांबामागेच मला ते दिसलं. कोर्टाच्या बाहेर चहाची टपरी, तिथे माझा नवरा, प्रतिवादी नंबर दोन, आणि ज्याचा खांदा मोडला तो वादी अमजद, एका प्लेटमधली भजी खात बसलेले. अमजदभायना डावा हात वर जात नव्हता, म्हणून धर्मराज त्यांच्या चहात फुंकर मारत होता.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

धर्मराज उठून उभा राहिला. अमजदभाय म्हणाले, "भाभी, रागावू नका. रोज चारला बसतो आम्ही. स्टेशनजवळ. आम्हाला कुणी मना केलं नव्हतं."

म्हणजे देऊळ हे! ज्याची गाठ सुटली आणि ज्याचं हाड मोडलं ते दोघं दहा महिने चहा पीत होते, आणि भांडत होतं कोण, तर ज्यांनी ना गाठ बांधली ना मार खाल्ला त्या आम्ही दोघी. "मग केस काढून घ्या की!" मी म्हटलं. अमजदभायनी खतीजाच्या दिशेने बघितलं. "खांदा माझा आहे भाभी. केस तिची आहे. का ते मलापण सांगत नाही."

त्याच दिवशी जज्जसाहेबांनी कागद बघितले आणि म्हणाले, शेजारी आहात, एका जिन्यातले आहात, मध्यस्थीला जा. तिथे मिटलं तर मिटलं, नाही मिटलं तर इथे या, आम्ही आहोतच.

काशिराम वकिलाचं तोंड उतरलं. मी विचारलं, "म्हणजे पंचायत का?" आमच्या गावकीत पंच बसतात, दोघांना दंड ठोकतात आणि त्या दंडाचं जेवण करतात. तो म्हणाला, "नाही आजी. मध्यस्थ निकाल देत नाही. निकाल तुमचा तुम्हीच काढायचा." मग तो कशाला बसतो, असं मी विचारलं, तर तो फाइल चाळायला लागला.

खोली लहान. गोल टेबल. मला उंच जागी बसलेला माणूस अपेक्षित होता, तर आमच्याच उंचीवर एक पांढऱ्या केसांच्या मॅडम. त्यांनी आधी दोन्ही वकिलांना सांगितलं, "तुम्ही आज ऐका." तेव्हाच मला बाई आवडल्या. मग म्हणाल्या, "इथे जे बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. कोर्टात पुरावा म्हणून कुणालाही वापरता येणार नाही. माफी मागितली तरी ती कबुली ठरत नाही. मनात येईल ते बोला."

मी काशिरामकडे बघितलं. "खरं का रे?"

"खरं आहे," तो म्हणाला. नाइलाजाने.

दहा महिने, वाचकहो! दहा महिने तोंडात धरलेलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "अमजदभाय, माझी चूक झाली. माफ करा. त्याच दिवशी म्हणणार होते." एवढं म्हटलं आणि माझे गुडघे हलके झाले, डॉक्टरच्या गोळीने झाले नव्हते एवढे. अमजदभाय "अरे भाभी, अरे भाभी" करत राहिले. खतीजा टेबलाकडे बघत होती. टेबलाला मीटर नव्हतं, तरी.

मग मॅडमनी आम्हाला वेगळं बसवलं. आधी एका बाजूचं ऐकायचं, मग दुसऱ्या बाजूचं, आणि तुम्ही परवानगी द्याल तेवढंच पलीकडे सांगायचं, अशी रीत. मी पाऊण तास बोलले. बोंबलांची जात, उन्हं, दुर्गंधीयुक्त, मीटर, चारचा चहा. मॅडमनी चष्मा पुसला. "यातलं त्यांना काय सांगू?"

"सगळं. आणि दुर्गंधीयुक्त दोनदा."

त्या पलीकडे गेल्या. मी येरझाऱ्या घालत होते, जीवन कपाळ धरून बसला होता, त्याच्यामागे विनिता उभी होती. अर्ध्या तासाने मॅडम परत आल्या, चेहरा असा की हसू दाबलंय की काय. म्हणाल्या, "भरपाईचं नंतर. त्यांचा एकच प्रश्न आहे. वाडगा रिकामा का परत आला?"

मला काही कळेना. "कुठला वाडगा?"

"तांब्याचा. त्या म्हणतात, नवरा दवाखान्यात, घरी चूल नाही, शेजारीण विचारायला आली नाही. दुसऱ्या दिवशी खिरीचा वाडगा परत आला तो धुऊन-पुसून, रिकामा. त्यात साखरेचा दाणासुद्धा नाही. त्यांच्यात असा वाडगा परत आला म्हणजे संबंध तोडले."

"त्यांच्यात कशाला? आमच्यात पण तेच!" मी ओरडले आणि मग हळूहळू मान वळवली. विनिता भिंतीला चिकटली होती.

"आई, यांनीच सांगितलं होतं," ती जीवनकडे बोट दाखवत म्हणाली. "द्यायचं काही नाही, घ्यायचं काही नाही. वाडगा त्यांचा म्हणून ठेवून घेता येत नव्हता. आणि काही दिलं तर कबुली. म्हणून मी काही दिलं नाही."

नियमाप्रमाणे बिनचूक वागली पोरगी. माझ्या घरातून रिकामं भांडं गेलं, हे गावात कळलं असतं तर माझी सासू वरून खाली आली असती.

मी परवानगी-बिरवानगी काही मागितली नाही. मधलं दार उघडून पलीकडे गेले. खतीजा बसलेली होती. मी म्हटलं, "खतीजा, तुझा वाडगा मी पाठवला नाय. मला ठाऊकच नाय. मी तर खेकडे रांधले होते."

ती म्हणाली, "खेकडे?"

"मादी खेकडे. भरलेले."

"आणि कोणी खाल्ले?" हा तिचा पुढचा प्रश्न. यावरून ओळखा, बाई मूळची किती चांगली.

मग मी दुर्गंधीयुक्त काढलं. ती म्हणाली, "अल्लाकसम, ठमाबाय, तो लफ्ज माझा नव्हे. वकिलाने घातला. मी त्याला म्हटलं होतं, वास म्हणू नको, बोंबील झकास होते."

"तुला काय ठाऊक झकास होते? ते तर ओले पडले होते."

खतीजाने ओढणी सारखी केली. अमजदभाय खोकले. शेजारी त्यांचा वकील एकदम ताठ बसला.

बेचाळीसच्या बेचाळीस तिने गोळा केले होते, तिच्या मागच्या ओट्यावर उरलेली दोन उन्हं दाखवली होती, आणि माझ्यावर केस चालू असताना महिनाभर पावट्यात घालून खाल्ले होते. सगळा पुरावा! मॅडमनी चष्मा परत काढून पुसला. त्या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, अशी आमची सही आहे. खतीजाने मला बोंबलांचं आणि वाडग्याचं लिहायची सूट दिली, बाकीचं नाही. म्हणून पुढे कोण रडलं, आणि कुणाचा पदर कुणी ओला केला, ते मी सांगणार नाही.

अटी अर्ध्या तासात झाल्या. दवाखान्याचा खर्च आम्ही द्यायचा, तो मी पहिल्या दिवशीच दिला असता. दुकानाचं त्यांनी सोडायचं. बांबू गॅलरीच्या आतून बांधायचा आणि गाठ धर्मराजने नाही, जीवनने बांधायची. सोसायटीला मी बघून घेईन. "दुर्गंधीयुक्त" हा शब्द मागे घेतला, असं वेगळ्या ओळीत. मॅडमनी शेवटी लिहिलं, "उभय पक्ष शेजारधर्म पूर्ववत पाळतील." मी म्हटलं, "शेजारधर्म म्हणजे काय ते खुलासेवार लिहा, नाहीतर वकील उद्या फाटे फोडतील. लिहा, कुणाचंही भांडं रिकामं परत जाणार नाही." मॅडम म्हणाल्या, आजवर असं कलम घातलेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर केसी होतात. घातलं. आम्ही दोघींनी सही केली, तिने उर्दूत, मी चौथीच्या अक्षरात. जज्जसाहेबांनी तो कागद वाचून त्यावर हुकूम केला. आता तोच निकाल, पुढे अपील नाही. वर अमजदभायची कोर्टात भरलेली फीसुद्धा परत मिळणार. काशिराम वकिलाला कुणीच काही परत देणार नव्हतं, म्हणून मी त्याला सुके बोंबील द्यायचं कबूल केलं. तर म्हणे, "आजी, मी शाकाहारी आहे." दहा महिने माझी केस कोण चालवत होतं, बघा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच बाजार गाठला. खेकडे मीच निवडले, एकेक उचलून, दाबून. कालवण होईपर्यंत दोनदा चव बघितली, तिसऱ्यांदा धर्मराजकडून बघवली. चारला पाच मिनिटं असताना खतीजा वर आली, हातात तोच वाडगा, त्यात गरम सांदणं. म्हणजे मला तो रिकामा करून परत भरावा लागणार. बाई हुशार आहे.

तिने चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अजून कडूच करतेस." मग वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "माझंपण चुकलंच जरा. नाय?"

मी वाडगा उचलला. हातात तोलून बघितला. कल्हईचा, चांगला जड.

"जरा नाय, पुरतं चुकलं तुजं," मी म्हटलं. "रिकामा आला ना वाडगा? मग तो घेऊन तीन जिने चढायचे आणि माज्या डोक्यात घालायचा. तुज्या घरात एक हाड मोडलं, माज्या घरात एक मोडलं असतं, आणि चारचा चहा चुकला नसता."